काकूंचा अनुभव आणि लहानीचं पासबुक

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमचा एकल महिलांचा छोटा गट आहे. नवरा गेलेल्या, सोडून दिलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका महिन्यातून एकदा जमतात. पैसे गोळा करत नाही, कर्ज देत नाही. एकच काम आहे: जी या वाटेनं आधी गेली, तिनं नव्यानं आलेलीला सोबत करायची. तलाठ्याकडे, बँकेत, तहसीलमध्ये, जिथं एकटीला खुर्ची मिळत नाही तिथं. मी या गटाचं कागदपत्रांचं काम बघते. खालचं प्रकरण आमच्याच हातून थोडं बिघडलं आणि थोडं सावरलं, म्हणून ते पूर्ण लिहून ठेवते आहे. दोघींची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सोबत करणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण चौथी. २००९ साली त्यांच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं, कारण कर्ज होतं ते परवाना नसलेल्या सावकाराचं. चाळीस दिवसांच्या आत भासऱ्यानं, म्हणजे मोठ्या दिरानं, ‘मदतीसाठी लागते’ म्हणून त्यांना तहसीलच्या गावी नेलं आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली. पुढं सातबारा काढला तर त्यात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, तारखा, वकिलाची फी. सहा वर्षांनी दीड एकर त्यांच्या आणि मुलाच्या नावावर आलं. त्या सहा वर्षांत फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, कसा होतो, हरकत कशी घेतात, कोणत्या टेबलावर कोण बसतं, हे त्यांना पाठ झालं. आमच्यात त्यांच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी नाही, असं मला २०२३ पर्यंत वाटत होतं.

जिला सोबत करायची होती तिला काकू पहिल्या दिवसापासून लहानी म्हणाल्या. आपणही तेच म्हणू. वय सत्तावीस, बारावी पास, लग्न २०१६ चं. सहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. कापसाची पहिली वेचणी चालू होती.

घरातली परिस्थिती

सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेलं पाच एकर कोरडवाहू शेत. ते गेल्यावर सातबाऱ्यावर चार नावं लागली होती: सासू, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. म्हणजे लहानीच्या नवऱ्याचा वाटा सव्वा एकर, पन्नास गुंठे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलाच्या मागं त्याची बायको, मुलं आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, आणि वाटे सारखे. त्यामुळं त्या पन्नास गुंठ्यांचे पुन्हा चार भाग होणार होते, साडेबारा-साडेबाराचे. तीन लहानीच्या घरात, एक सासूचा. हे गणित बहुतेक घरांत कुणी मांडत नाही. ‘सुनेला गेलं’ किंवा ‘सुनेला काही नाही’ एवढ्या दोनच भाषांत भांडण होतं.

देणं तीन ठिकाणी होतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं पीककर्ज नवऱ्याच्या नावावर, थकलेलं. कृषी केंद्राची उधारी, तिला भासरे जामीन. आणि दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं, ती लहानीच्या स्वतःच्या नावावर, त्यांचा माणूस तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हप्त्याला दारात.

पहिली भेट

मृत्यूनंतर एकोणिसाव्या दिवशी काकू गेल्या. एकट्या. हा निर्णय माझा. ‘त्यांना सगळं माहीत आहे, दुसरं कुणी कशाला’ असं म्हणून मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

तिथं काय झालं ते मला दोघींकडून वेगवेगळं कळलं, पण मुद्द्यावर फरक नाही. काकू ओसरीत बसल्या. सासू कोपऱ्यात होती. चहा आला. काकूंनी आपली हकीगत सुरू केली, आणि ती सुरू झाली की अर्धा तास जातो. लहानी मान खाली घालून ऐकत होती. मधेच ती म्हणाली, “भासरे म्हणतात एक कागद करून घेऊ, बँकेचं काम एकाच्या नावानं सोपं जाते.” आत जाऊन तिनं घडी केलेला शंभराचा स्टॅम्पपेपर आणून दाखवला. सही व्हायची होती.

काकूंनी तो उघडलासुद्धा नाही. “हाच तो कागद,” त्या म्हणाल्या. “माह्या घरी बी हाच आला होता. मी सांगतो तुले, हे घर तुले लुटाले बसलं आहे. सही करू नोको, आजच्या आज वारस नोंदीचा अर्ज टाक आन् ठाण्यात तक्रार दे.” हे सगळं सासूसमोर. तेवढ्यात शेतातून भासरे आले, त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लहानी काकूंसोबत तालुक्याला आली. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आणि ठाण्यात तक्रार अर्ज. अर्ज मीच लिहून दिले. स्टॅम्पपेपर मीही वाचला नाही. काकूंच्या तोंडून त्याचं वर्णन ऐकलं आणि तेवढ्यावर लिहिलं.

अडचण कुठं होती

आठवड्याभरात घरात दोन चुली झाल्या. सासूनं नातवंडांशी बोलणं ठेवलं, सुनेशी बंद केलं. लहानी मुलांना घेऊन माहेरी गेली, महिना-सव्वा महिना तिथंच राहिली, मुलीची पहिलीची शाळा बुडाली. वारस नोंदीच्या नोटिशीवर पंधरा दिवसांच्या आत भासऱ्यांनी हरकत घेतली. तिच्यात लिहिलं होतं की बाई घर सोडून गेली आहे. घर सोडल्यानं वारसा जात नाही, हे मंडळ अधिकाऱ्यांनाही माहीत असतं. पण हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते, दोन्ही बाजूंना बोलवावं लागतं, तारखा पडतात. एरवी महिन्याभरात झालं असतं ते काम चार महिने लांबलं.

सरकारी मदतीच्या चौकशीलाही त्याचा फटका बसला. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात २००६ पासूनच्या नियमानं एक लाखाची मदत आहे, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी कुटुंबाकडे जमीन, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा, हे तिन्ही दिसावं लागतं. बँकेची नोटीस घरातल्या पत्र्याच्या पेटीत होती. पेटी सासूच्या खाटेखाली. आणि सासू बोलत नव्हती.

जानेवारीत मी तो स्टॅम्पपेपर पहिल्यांदा वाचला. पहिल्या तीन ओळींत शेताची वहिवाट आणि चालू हंगामातल्या पिकाची विक्री मोठ्या भावानं करावी, हिशेब घरात द्यावा, एवढंच होतं. चौथी ओळ: ‘सदर मिळकतीवर भविष्यात कोणताही हक्क सांगणार नाही.’ म्हणजे काकूंचा संशय खरा होता. नोंदणी न केलेल्या अशा कागदानं मालकी जात नाही, पण फेरफाराच्या वेळी तो पुढं केला की बाईचे काकूंसारखे सहा वर्षांचे हाल होतात. मात्र वरच्या तीन ओळीही खऱ्या होत्या. शेतात कापूस फुटून लोंबत होता, वेचणीवाल्या बायांना रोजच्या रोज पैसे द्यायचे होते, माल कुणीतरी विकायचा होता. भासरे मला म्हणाले, “लिहिणाऱ्यानं टाकली ओळ, मी कुठं वाचली?” तहसीलबाहेर टाइप करून देणारे ती ओळ सवयीनं टाकतात, हे मी पाहिलेलं आहे. भासऱ्यांच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी कुणी कागद उघडून वाचला असता तर ‘चौथी ओळ काढा, बाकीवर सही करते’ असं म्हणता आलं असतं. तसं म्हटल्यावर भासऱ्यांनी काय केलं असतं, त्यावरून त्यांचा हेतूही कळला असता.

पासबुक

त्याच सुमारास आम्ही लहानीची सगळी कागदं एकत्र बसून बघत होतो. मी, काकू, लहानी आणि गटातली एक तरुण बाई. मायक्रोफायनान्सचं पान निघालं तेव्हा ही तरुण बाई म्हणाली, “हप्ते काऊन भरून राहिली तू? माह्या वेळी नवऱ्याचा बी विमा होता, कर्ज माफ झालं.” काकू गप्प. २००९ मध्ये त्यांच्या गावात असल्या कंपन्या नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी दोन्ही शाखांत गेलो. एका कंपनीच्या कर्जाला जोडीदाराचा विमा होता, उरलेलं कर्ज माफ झालं. दुसरीच्या अटीत ते बसलं नाही. हप्ता घ्यायला येणाऱ्यानं दोन महिने हा विषय काढला नव्हता.

मग नवऱ्याचं बँकेचं पासबुक. त्याची एक प्रत लहानीकडे होती, नवरा तिच्याकडूनच वाचून घ्यायचा. काकू नोंदी बोटानं दाखवायच्या, लहानी वाचायची. मे महिन्यातल्या एका ओळीशी ती थांबली. “हे चारशे छत्तीस रुपये दरवर्षी कटतात. मी त्यायले विचारलं बी होतं, बँकवाले कापतात म्हणे.”

४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. आधी तो ३३० होता, जून २०२२ पासून ४३६ झाला. पासबुकात मागं गेलो तर ३३०ही सापडले. दोन लाखांचा विमा, मृत्यूचं कारण कोणतंही असो. आत्महत्येलाही तो मिळतो, हे गावात जवळजवळ कुणालाच माहीत नसतं, कारण एलआयसीत पहिल्या वर्षात आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम मिळत नाही, त्या अटीवरून लोक अंदाज बांधतात. बँकेत विचारलं. पॉलिसी चालू होती. फॉर्म भरलेला २०१५ मध्ये, म्हणजे लग्नाच्या आदल्या वर्षी. त्यामुळं नॉमिनी, म्हणजे रक्कम घ्यायला नेमलेली व्यक्ती, म्हणून नाव होतं त्याच्या आईचं, लहानीच्या सासूचं.

बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर काकू बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच, “मी बुढीसमोरच म्हटलं नं, लुटाले बसलं म्हून.”

समोर असलेले पर्याय

तीन गोष्टी शक्य होत्या.

एक, वकिलाची नोटीस. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसा वारसांचा, असं म्हणायचं. बँकेतल्या ठेवींबाबत हे बरंच चालतं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर रक्कम त्यांचीच समजायची, असं आहे. म्हणजे कोर्टात आमची बाजू कच्ची. वकिलानंही तेच सांगितलं, आणि फी न घेता सांगितलं.

दोन, सौदा. वारस नोंदीत सासूचं साडेबारा गुंठ्यांचं नाव लागू देतो, तुम्ही विमा सोडा. हे गटातल्या दोघी-तिघींना पटत होतं. मला नाही. सासूचा तो वाटा कायद्यानं तिचाच आहे. तो ‘लागू देणारे’ आम्ही कोण? ज्या बाईचा हक्क मारला जाऊ नये म्हणून गट आहे, तशीच ती दुसरी बाई. नवरा गेलेला, आता मुलगाही.

तीन, जाऊन बोलणं. पण कोण जाणार? मी म्हटलं मी जाते. काकू म्हणाल्या, “बोलली मी, तं जाणार बी मीच.” इथं आम्ही थोडा वाद घातला. ज्या माणसानं बिघडवलं त्यानंच परत जावं का? राग पुन्हा उसळला तर विम्याचा अर्जच होणार नाही. शेवटी ठरलं की काकू जातील, मी सोबत असेन, आणि काकू विम्याचं नाव काढणार नाहीत. ते मी काढायचं, तेही सासूनं बसायला सांगितलं तर.

काय केलं

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सासू अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती, खडे वेचत. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. काकू शेजारी मातीतच बसल्या आणि सुपातलेच खडे वेचायला लागल्या. मला वाटतं दहा मिनिटं तरी दोघींत फक्त सुपाचा आवाज होता.

मग काकू म्हणाल्या, “माही सासू मेली तवा मी तोंड बी पाहाले गेली नाही. कोर्टात केस होती. बुढीचं नाव त्या कागदावर नव्हतंच, तिले बी लेकानं ठगलं होतं. मले हे ती गेल्यावर कयलं.”

ही हकीगत आम्हाला, गटातल्या कुणालाही, काकूंनी कधी सांगितली नव्हती. त्यांची अर्ध्या तासाची गोष्ट भासऱ्यापाशी सुरू होते आणि निकालापाशी संपते. त्यात सासू नसते.

सासूनं सूप खाली ठेवलं आणि आत बघून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. लहानी त्या दिवशी माहेरून आमच्याबरोबर आली होती आणि दारातच उभी होती. विम्याचं मी चहानंतर सांगितलं. पासबुकातली ओळ दाखवली. नाव तुमचं आहे, पैसे कायद्यानं तुम्हालाच मिळतील, असंही सांगितलं. हे सांगू नये असं गटात काहींचं मत होतं. लपवलं असतं आणि बँकेत तिला कळलं असतं, तर आम्ही आणि तो स्टॅम्पपेपर टाइप करणारा यांच्यात फरक राहिला नसता.

पेटी त्याच दिवशी उघडली. बँकेची नोटीस मिळाली. ठाण्यातला तक्रार अर्ज लहानीनं पुढच्या आठवड्यात मागं घेतला. भासऱ्यांची हरकत मात्र लगेच सुटली नाही. मार्चच्या सुनावणीला ते आलेच नाहीत, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

परिणाम

सातबाऱ्यावर लहानीचं, दोन मुलांचं आणि सासूचं नाव लागलं. मुलं कायद्यानं अज्ञान, म्हणजे वयानं लहान, असल्यानं त्यांच्या नावापुढं पालनकर्ती म्हणून आई. त्यांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे भासऱ्यांनाही समजावून सांगितलं. सरकारी मदतीचं प्रकरण पात्र ठरलं. संजय गांधी निराधार योजनेचे महिना पंधराशे उन्हाळ्यात सुरू झाले. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज दिला आहे.

विम्याचे दोन लाख एप्रिलमध्ये सासूच्या खात्यात आले. तिनं एक लाखाची ठेव नातवंडांच्या नावानं केली. चाळीस हजार कृषी केंद्राच्या उधारीला दिले, जिला मोठा मुलगा जामीन होता. साठ हजार स्वतःकडं ठेवले. लहानीला हे पटलं नाही. उधारी दोघा भावांच्या शेताची होती, मग माझ्या नवऱ्याच्या विम्यातून का, असा तिचा सवाल. हिशेबानं तिचं बरोबर आहे. पण ती सासूला तसं म्हणाली नाही, आणि आम्हीही तिच्या वतीनं म्हटलं नाही.

आता वेगळं काय करतो

पहिल्या भेटीला एकटीला पाठवत नाही. एक जुनी, एक अलीकडची, अशा दोघी जातात. मायक्रोफायनान्स, विमा, ऑनलाइन फेरफार हे अलीकडचीला माहीत असतं. ठाण्यात कसं उभं राहायचं ते जुनीला.

पहिल्या भेटीत आपली हकीगत सांगायची नाही. हा नियम काकूंना आवडलेला नाही. “मंग मी जाऊ कायले?” त्या म्हणाल्या, आणि प्रश्न खोटा नाही. त्यांची गोष्ट ऐकूनच लहानीनं स्टॅम्पपेपर बाहेर काढला होता. गोष्ट नसती तर कदाचित सहीही झाली असती. म्हणून नियम आता असा आहे की आधी त्या घरातली कागदं उघडायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, सातबाऱ्यावरची नावं मोजायची, वाटे कागदावर मांडायचे. गोष्ट त्यानंतर. घरातले बाकीचे समोर असतील तर तेव्हाही नाही.

पोलिसांत जाण्याचा निर्णय एका दिवसात घेत नाही, मारहाण किंवा धमकी असेल तर गोष्ट वेगळी. लहानीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आम्ही तिला विचारलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रत्येक नव्या घरी जाऊन आल्यावर काकूंना दोन-तीन रात्री झोप लागत नाही, बीपीची गोळी वाढते. त्यांच्या मुलानं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वीचं घर त्या दर वेळी पुन्हा बघून येतात आणि आम्ही त्यांच्याकडून फक्त भेटीचा अहवाल घेत होतो. आता परत आल्यावर कुणीतरी त्यांच्याकडं मुक्कामाला जातं. बहुतेकदा लहानीच.

वाटणी अजून झालेली नाही. शेत सामायिक आहे, भासरे कसतात, लहानीला तिच्या वाट्याची बटई, म्हणजे पिकातला हिस्सा, मिळते. सासूच्या हयातीतच मोजणी करून हद्दी घालून घ्याव्यात असं माझं मत आहे, काकूंचंही. लहानी म्हणते, यंदा नाही, पोरीची शाळा नीट लागू द्या. परवा तिच्या गावाहून परतताना काकू एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. “मी असती तं याच उन्हाळ्यात मोजणी लावली असती,” त्या म्हणाल्या, आणि कंडक्टरकडून अर्ध्या तिकिटाचे सुटे मोजून घेतले.